इंग्रजी 'गेट'चा अर्थ लावायचा कसा: पायरीपायरीने

'शी गॉट अ कोल्ड' या वाक्याचं मराठी 'तिला सर्दी मिळाली' असं करणारे पुष्कळ आहेत. चूक दाखवली की ठरलेला प्रश्न येतो, 'पण गेट म्हणजे मिळणे ना?' हो, कधीकधी. त्याच 'गेट'चा अर्थ होणे, पोहोचणे, आणणे, कळणे, करवून घेणे, पटणे, उरकणे, उतरणे असाही होतो, आणि ही यादी पाठ करायला बसलं तर संपत नाही. ती पाठ करायचीच नाही. 'गेट' हे जवळजवळ रिकामं भांडं आहे. त्यात काय आहे ते पुढच्या शब्दावरून कळतं, म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत नजर त्या पुढच्या शब्दावर ठेवायची आहे.

इथे इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, तेव्हा दोन गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. या लेखातलं 'गेट' हे क्रियापद आहे आणि त्याचा 'ए' आखूड आहे. फाटकाला आपण जे 'गेट' म्हणतो त्याचा 'ए' लांब असतो, पण लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. आणि वाक्यात 'टू' दिसला की तो 'दोन' नव्हे.

## पूर्वतयारी

आधी मराठीतलं 'लागणे' आठवा. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, फोन लागला, दार लागलं, वेळ लागला, जावं लागलं, जायला लागला. हे वाचताना तुम्ही कुठेही अडखळला नाहीत, कारण 'भूक' दिसताक्षणी अर्थ ठरून गेला. शेवटच्या दोनांत तर फक्त आधीच्या क्रियापदाचं रूप बदललं आणि सक्तीचा अर्थ जाऊन सुरुवातीचा आला. 'गेट' अगदी असंच चालतं. फरक इतकाच की मराठीत किल्ली क्रियापदाच्या आधी असते आणि इंग्रजीत ती नंतर येते.

मग रूपं पक्की करा: गेट, गेट्स, गेटिंग, गॉट. तिसरं रूप ब्रिटिश इंग्रजीत 'गॉट', अमेरिकन इंग्रजीत बहुतेक ठिकाणी 'गॉटन'.

साहित्य म्हणजे पेन्सिल आणि शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. अशा कोशात 'गेट अप', 'गेट ओव्हर' असे जोडशब्द, म्हणजे फ्रेजल व्हर्ब, मुख्य नोंद संपल्यावर वेगळ्या यादीत दिलेले असतात. बहुतेक जण वरून वाचायला लागतात, पाचव्या-सहाव्या अर्थाला थकतात आणि त्या यादीपर्यंत जातच नाहीत.

सावधान: इंग्रजी-मराठी कोशातला पहिला अर्थ उचलून वाक्यात बसवू नका. कोश शेवटी उघडायचा, पायरी ८ पर्यंत गेल्यावर.

## पायरी १: 'गॉट'च्या मागे 'हॅव' किंवा 'हॅज' आहे का?

ही तपासणी सगळ्यात आधी करायची, कारण उत्तर 'हो' असेल तर 'गेट'चा नेहमीचा अर्थ सहसा लागूच होत नाही. 'हॅव गॉट' म्हणजे बहुतेक वेळा नुसतं 'असणे'.

मराठीत मात्र 'असणे' तीन तऱ्हेने येतं आणि इथेच भाषांतर कच्चं राहतं:

- 'आय हॅव गॉट थ्री सिस्टर्स': मला तीन बहिणी आहेत. (नातं)
- 'शी हॅज गॉट अ पेन': तिच्याकडे पेन आहे. (हातात, खिशात असणारी वस्तू)
- 'ही हॅज गॉट ब्लू आइज': त्याचे डोळे निळे आहेत. (अंगचा गुण)

'हॅव गॉट'नंतर 'टू' आणि क्रियापद आलं तर अर्थ सक्तीचा. 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे मला जायलाच हवं.

अमेरिकन मजकुरात 'हॅव गॉट' आणि 'हॅव गॉटन' वेगळे असतात. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी घेतली आहे. ब्रिटिश लेखक दोन्हीला 'हॅव गॉट' लिहितो, तिथे संदर्भावरच भिस्त.

तपासा: बोलण्यात 'हॅव' इतका आक्रसतो की त्याचा नुसता 'व्ह' उरतो, आणि घाईत तोही ऐकू येत नाही. शंका आली तर वाक्याला 'कधी?' विचारा. उत्तर 'आत्ता' असेल तर 'आहे' लावा, 'काल' असेल तर पुढच्या पायरीला जा.

## पायरी २: पुढचा तुकडा तोडा

अर्थाचा विचार न करता 'गेट'च्या पुढे काय आहे त्याला पेन्सिलीने खूण करा. पहिल्या शब्दावर थांबू नका, अख्खा तुकडा घ्या. मग वाट निवडा:

- नुसतं नाम किंवा सर्वनाम, किंवा लागोपाठ दोन नामं: पायरी ३
- विशेषण: पायरी ४
- क्रियापदाचं तिसरं रूप (ब्रोकन, कॉट, टोल्ड): पायरी ५
- आधी नाम, मग दुसरं क्रियापद: पायरी ६
- 'टू', किंवा होम, देअर, हियर: पायरी ७
- अप, ऑन, ओव्हर, बाय असा छोटा शब्द: पायरी ८

अख्खा तुकडा का, ते तीन वाक्यांत दिसेल. 'गेट मी' एवढंच असेल तर 'माझं म्हणणं समजणे'. 'गेट मी अ चेअर' म्हणजे 'मला खुर्ची आणून दे'. 'गेट मी टू साइन' म्हणजे 'माझ्याकडून सही मिळवणे'. पहिले दोन शब्द तिन्हीकडे तेच आहेत.

## पायरी ३: पुढे नाम आहे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण 'मिळणे' इथेच अर्धवट बसतं आणि माणूस समाधान मानून पुढे जातो.

क्रम असा ठेवा. आधी 'गेट' झाकून त्या नामाचं मराठी करा. मग स्वतःला विचारा, मराठीत या नामाबरोबर कोणतं क्रियापद येतं? मराठी नामं आपापलं क्रियापद बरोबर घेऊनच येतात:

- गॉट अ लेटर: पत्र आलं
- गॉट अ जॉब: नोकरी लागली
- गॉट अ शॉक: धक्का बसला
- गॉट अ कोल्ड: सर्दी झाली
- गॉट फाइव्ह यर्स (कोर्टाच्या बातमीत): पाच वर्षांची शिक्षा झाली
- गॉट अ चान्स: संधी मिळाली
- गॉट द जोक: विनोद कळला
- गॉट अ टॅक्सी: टॅक्सी केली

आठांत 'मिळणे' एकदा आलं. 'धक्का मिळाला' किंवा 'शिक्षा प्राप्त झाली' असं लिहिलंत तर वाक्य मोडत नाही, पण वाचणाऱ्याला ते भाषांतर आहे हे लगेच कळतं. 'प्राप्त होणे' हा शब्द तर या कामातून काढूनच टाका.

नंतर दुसरा प्रश्न: ती गोष्ट आपोआप आली की कर्त्याने उठून मिळवली? आपोआप आली असेल तर इंग्रजीतला कर्ता मराठीत 'ला' लावून येतो: तिला पत्र आलं, तिला सर्दी झाली. मिळवली असेल तर 'ने' येतो: तिने टॅक्सी केली, तिने दुकानातून वही आणली. एकाच 'शी गॉट'ला दोन वेगळ्या विभक्ती लागतात आणि त्या इंग्रजी वाक्यात कुठेही दिसत नाहीत. 'आय गॉट द बुक' हे सुटं वाक्य 'मला ते पुस्तक मिळालं' आणि 'मी ते पुस्तक आणलं' असं दोन्ही असू शकतं, तेव्हा आधीचं वाक्य वाचल्याशिवाय ठरवू नका.

पुढे दोन नामं लागोपाठ असतील तर पहिलं माणूस, दुसरी वस्तू. मराठीत 'ऊन देणे' लावा: 'ही गॉट हर अ टिकेट' म्हणजे त्याने तिला तिकीट काढून दिलं. नुसतं 'आणलं' लिहिलं तर कुणासाठी ते हरवतं.

फोन आणि दार ही दोन नामं मात्र कोड्यात टाकतात. फोन वाजतोय आणि कुणी म्हणालं 'आयल गेट इट', तर अर्थ 'मी घेतो'. दारावर टकटक झाल्यावर तेच वाक्य 'मी बघतो कोण आहे ते'. दाराला काही 'मिळवायचं' नसतं.

तपासा: मराठी वाक्य मोठ्याने म्हणा. नाम आणि क्रियापद यांच्यात जीभ अडली तर क्रियापद चुकलंय.

## पायरी ४: पुढे विशेषण आहे

इथे 'गेट' म्हणजे बदल, एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणं. 'होणे' चालतं, पण पुष्कळदा मराठीत त्याहून चांगलं एकच क्रियापद तयार असतं, आणि ते शोधायचा आळस करू नये. गेट टायर्ड: दमणे. गेट अँग्री: चिडणे. गेट वेट: भिजणे. गेट हंग्री: भूक लागणे. गेट डार्क: अंधारून येणे. गेट रेडी: आवरणे. 'क्रोधित होणे' हा भाषांतरातच सापडणारा प्राणी आहे.

'बी' आणि 'गेट' यांतला फरक मराठीत दाखवायलाच हवा. 'शी इज मॅरिड' म्हणजे तिचं लग्न झालेलं आहे, आज ती विवाहित आहे. 'शी गॉट मॅरिड' म्हणजे तिचं लग्न झालं, ती घटना. 'शी इज गेटिंग मॅरिड' म्हणजे लग्न ठरलंय, होणार आहे. तिघांना 'तिचं लग्न झालं' लिहून मोकळं होणारे लोक आहेत.

आता जरा थांबून ही दोन वाक्यं शेजारी ठेवा:

'शी गॉट कोल्ड.' तिला थंडी वाजायला लागली.

'शी गॉट अ कोल्ड.' तिला सर्दी झाली.

मध्ये फक्त 'अ' आहे. 'अ' नसताना 'कोल्ड' विशेषण, म्हणून पायरी ४. 'अ' आला की तेच नाम झालं, म्हणून पायरी ३. पहिलीवर शाल, दुसरीवर औषध. पायरी २ मध्ये तुकडा तोडताना 'अ', 'ॲन', 'द' पेन्सिलीच्या खुणेबाहेर राहिले की पुढचं सगळं चुकतं.

सावधान: 'गेट लॉस्ट' दोन तोंडांचा आहे. कुणाबद्दल सांगताना 'वाट चुकणे', कुणाला उद्देशून आज्ञार्थी आला तर 'चालता हो'.

## पायरी ५: पुढे तिसरं रूप आहे

'ही गॉट फायर्ड', 'द विंडो गॉट ब्रोकन', 'शी गॉट कॉट'. हा कर्मणीचा घरगुती अवतार. बहुतेक वेळा काहीतरी नकोसं किंवा अचानक घडलेलं असतं, आणि कुणी केलं हे सांगायची गरज वाटलेली नसते.

मराठीत 'खिडकी तोडली गेली' असं ओढूनताणून लिहू नका. मराठीकडे अशा वेळी जोडीची क्रियापदं आहेत: फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, फाडणे-फाटणे, पाडणे-पडणे. दुसरं घ्या. खिडकीची काच फुटली, झालं. जोडी नसेल तर कर्ता वगळून सरळ लिहा: त्याला कामावरून काढलं. 'शी गॉट कॉट' म्हणजे ती पकडली गेली, त्याहून बरं 'ती सापडली'.

## पायरी ६: नाम, आणि त्याच्या पुढे दुसरं क्रियापद

इथे पेन्सिलीची दुसरी खूण त्या दुसऱ्या क्रियापदावर करा आणि त्याचं रूप बघा.

तिसरं रूप असेल तर तीन शक्यता आहेत, आणि व्याकरण त्यांतली एकही निवडून देत नाही:

१. दुसऱ्याकडून करवून घेतलं. 'शी गॉट हर हेअर कट': तिने केस कापून घेतले. कात्री दुसऱ्याच्या हातात होती. स्वतः कापले असते तर 'शी कट हर हेअर' आलं असतं.
२. स्वतःच तडीस नेलं. 'शी गॉट द वर्क डन': तिने काम उरकलं.
३. नको ते घडलं. 'ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर': त्याचं बोट दारात चेमटलं. 'त्याने बोट दारात पकडवून घेतलं' असं कुणी मुद्दाम करत नाही, पण साच्याने भाषांतर केलं की नेमकं हेच हाती येतं.

निवड कशी करायची? विचारा, कर्त्याला हे हवं होतं का? नको असेल तर तिसरी. हवं असेल तर हे काम साधारणपणे कोण करतं ते बघा.

'टू' आणि मूळ रूप असेल तर अर्थ 'पटवून, खटपट करून करायला लावणे'. 'शी गॉट हिम टू साइन': तिने त्याला सहीला राजी केलं. 'मेड हिम साइन'मध्ये जबरदस्ती आहे, 'गॉट'मध्ये मनधरणी किंवा युक्ती. मराठीत 'सही करायला लावली' या दोन्हींवर पांघरूण घालतं, म्हणून 'गॉट'साठी 'राजी केलं' किंवा 'गळ घालून सही घेतली' असं नेमकं लिहा. कर्म निर्जीव असेल तर अर्थ 'कसंबसं जमवलं': 'ही गॉट द कार टू स्टार्ट', त्याने गाडी कशीबशी चालू केली.

'इंग' असेल तर काहीतरी चालतं झालं. 'गॉट द इंजिन रनिंग': इंजिन चालू केलं. यावर जास्त वेळ घालवायचं कारण नाही.

सावधान: स्वतः इंग्रजी लिहिताना 'गॉट हिम साइन' लिहू नका. 'मेक' आणि 'हॅव' यांना 'टू' लागत नाही, 'गेट'ला लागतो.

## पायरी ७: पुढे 'टू' आहे

'टू'च्या पुढचा शब्द बघा. ठिकाण आहे की क्रियापद?

ठिकाण असेल तर 'पोहोचणे'. 'वी गॉट टू द स्टेशन': आम्ही स्टेशनवर पोहोचलो. 'गो'मध्ये निघणं किंवा जाणं आहे, 'गेट'मध्ये वाट संपून पोचणं आहे. होम, हियर, देअर यांच्याआधी 'टू' येत नाही, 'गेट टू होम' चूक. 'इट गॉट टू मी' मात्र प्रवासाचं वाक्य नाही. ते माझ्या मनाला लागलं.

क्रियापद असेल तर खरा पेच. 'आय गॉट टू मीट हर' याचे दोन अगदी उलट अर्थ निघतात:

- मला तिला भेटायला मिळालं. (संधी)
- मला तिला भेटलंच पाहिजे. (सक्ती)

दुसऱ्या अर्थात मूळ वाक्य 'आय हॅव गॉट टू मीट हर' असतं आणि बोलताना 'हॅव' गळून पडतो. 'गॉटा' असं लिहिलेलं दिसलं तर सक्तीच. नाहीतर काळ बघा. वाक्यात काल, गेल्या वर्षी, तेव्हा असं काही असेल तर संधी. आत्ता, लगेच, उद्या असेल तर सक्ती. कर्ता 'शी' किंवा 'ही' असला तरी हाच ताळा. नकारात शंका उरत नाही: 'आय डिडंट गेट टू मीट हर' म्हणजे भेटायला मिळालंच नाही.

मराठीने ही विभागणी फार स्वच्छ केली आहे: जायला मिळालं, जावं लागलं. एकदा ठरलं की लिहिताना चुकायला वाव नाही. चूक होते ती ठरवण्याआधी.

'गेट टू नो' हा या घरातला वेगळा भाडेकरू. 'आय गॉट टू नो हर' म्हणजे माझी तिची ओळख वाढली, हळूहळू. 'मला ती माहीत व्हायला मिळाली' असलं काही नाही.

## पायरी ८: पुढे अप, ऑन, ओव्हर, बाय...

आता कोश उघडा, आणि थेट फ्रेजल व्हर्बच्या यादीत जा. नेहमी लागणारे आणि नेहमी चुकणारे एवढे आधी घ्या:

- गेट ऑन, गेट ऑफ. गेट इन, गेट आउट: चढणे-उतरणे. जिथे आत उभं राहता येतं (बस, ट्रेन, विमान) किंवा जिच्यावर टांग टाकून बसतात (सायकल, घोडा), तिथे ऑन आणि ऑफ. जिथे वाकून आत बसावं लागतं (कार, टॅक्सी), तिथे इन आणि आउट. मराठीत दोन्हीकडे चढणे-उतरणेच आहे, म्हणून ही चूक मराठीतून इंग्रजीत जाताना होते.
- गेट ऑन विथ: पुढे माणूस असेल तर पटणे, काम असेल तर पुढे चालू ठेवणे. 'गेट ऑन विथ हर', तिच्याशी पटणे. 'गेट ऑन विथ द वर्क', कामाला लाग.
- गेट ओव्हर: आजारातून उठणे, धक्क्यातून सावरणे.
- गेट बाय: भागणे, निभणे.
- गेट थ्रू: फोन लागणे, कठीण दिवस निघून जाणे. 'गेट थ्रू टू हिम' म्हणजे त्याला फोन लागणे, किंवा त्याच्या गळी उतरवणे.
- गेट राउंड टू: सवड होणे. पुढचं क्रियापद 'इंग'चं असतं.
- गेट अवे विथ: करून सवरून सुटणे. मराठीत याला 'पचणे' इतका नेमका शब्द आहे की दुसरा शोधू नये: त्याने उत्तरं चोरली आणि ते पचलं.
- गेट ॲट: 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट?' म्हणजे तुझा रोख काय आहे?

सावधान: सर्वनामाची जागा अर्थ बदलते. 'गेट ओव्हर इट' म्हणजे सावर आता. 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे एकदाचं उरकून टाक. 'इट' कुठे बसलाय ते बघूनच यादीतली नोंद निवडा.

## पायरी ९: पडताळा

इंग्रजी वाक्यातलं 'गेट' काढून रिसीव्ह, बिकम, अराइव्ह, अंडरस्टँड यांतलं एक घाला. वाक्य उभं राहिलं आणि तुमच्या मराठी अर्थाशी जुळलं तर ठीक. पायरी ५ साठी 'वॉज' घालून बघा. पायरी ८ च्या वाक्यांना ही चाचणी लावू नका, तिथे जोडशब्द अख्खाच बदलावा लागतो.

हीच चाचणी औपचारिक लेखनातही कामाला येते. अर्जात, अहवालात 'आय गॉट युअर लेटर' सैल वाटतं, तिथे 'रिसीव्हड' लिहा. मात्र मिळण्याच्या अर्थाचं 'गेट' कर्मणीत फिरवू नका. 'द जॉब वॉज गॉट बाय हर' व्याकरणाच्या वहीतच शोभतं.

## पायरी १०: उलट दिशेने जाताना

मराठीतून इंग्रजीत येताना वेगळेच खड्डे आहेत.

'मला उशीर झाला' याचं 'आय गॉट लेट' सर्रास होतं. प्रमाण इंग्रजीत 'आय वॉज लेट' किंवा 'आय गॉट डिलेड'. 'इट गॉट लेट' बरोबर आहे, पण त्याचा अर्थ 'बरीच रात्र झाली' किंवा 'वेळ टळून गेली' असा. त्यात उशीर माणसाला झालेला नाही.

'तिच्याशी लग्न झालं' यातला मराठी '-शी' प्रत्यय डोक्यात असतो, म्हणून 'गॉट मॅरिड विथ हर' लिहिलं जातं. इथे 'टू' हवा.

'मला कंटाळा आला' म्हणजे 'आय गॉट बोर्ड'. 'आय गॉट बोरिंग' लिहिलंत तर तुम्हीच कंटाळवाणे झालात.

'मला कळत नाहीये' या चालू काळाची सावली 'आय ॲम नॉट गेटिंग यू'वर पडते. 'आय डोंट गेट यू' किंवा 'आय डोंट गेट इट' म्हणा. आणि तुम्ही काम सांगितल्यावर समोरचा 'यू गॉट इट' म्हणाला तर तो तुम्हाला काही कळलं असं सांगत नाहीये. 'होऊन जाईल' म्हणतोय.

## सराव: एक अख्खा उतारा

'आय गॉट अप लेट, गॉट ड्रेस्ड, गॉट टू द स्टेशन ॲट टेन, गॉट ऑन द राँग ट्रेन, गॉट ऑफ ॲट द नेक्स्ट स्टॉप, गॉट अ टॅक्सी, गॉट वेट इन द रेन अँड गॉट टोल्ड ऑफ बाय माय बॉस.'

आठ 'गॉट' आहेत. मागे 'हॅव' कुठेच नाही, म्हणून पायरी १ निकालात. 'अप', 'ऑन', 'ऑफ' पायरी ८ कडे जातात. 'ड्रेस्ड' तिसऱ्या रूपासारखं दिसतं, पण कुणी दुसऱ्याने कपडे घातलेले नाहीत. ते अवस्था सांगतं, म्हणून 'वेट'बरोबर पायरी ४. 'टू'पुढे ठिकाण आहे, सक्तीचा प्रश्न येत नाही. 'अ टॅक्सी' पायरी ३, आणि ती कर्त्याने मिळवली आहे. 'टोल्ड ऑफ' पायरी ५, कुणी बोललं ते 'बाय'ने सांगितलंय.

'उशिरा उठलो, कपडे केले, दहाला स्टेशनवर पोहोचलो, चुकीच्या गाडीत चढलो, पुढच्या स्टेशनला उतरलो, टॅक्सी केली, पावसात भिजलो आणि साहेबांची बोलणी खाल्ली.'

तुमच्या भाषांतरात 'मी' आठ वेळा आला असेल तर सगळे खोडा, क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतोच. 'साहेबांकडून रागावलो गेलो' लिहिलं असेल तर पायरी ५ पुन्हा वाचा.